गुलाबाच्या बाटलीतलं गवत

पुढच्या 'रोझ डे'ला कुणी गुलाब दिला, तर थँक्यू म्हणायच्या आधी तो नाकाशी धरून बघा. लांब दांडा, घट्ट कळी, मखमली लाल रंग, सगळं जागच्या जागी असेल. वास मात्र बहुधा नसेल. असलाच तर ओल्या पानांचा आणि थोडासा फ्रिजचा. देणाऱ्याने कंजुषी केली असं नाही हं. तळेगाव-मावळच्या पॉलिहाऊसमधून येणारा हा 'डच' गुलाब वाढवलेलाच असतो फुलदाणीसाठी. तो प्रवासात टिकला पाहिजे, दुकानात ताठ उभा राहिला पाहिजे, प्रत्येक कळी दुसरीसारखी दिसली पाहिजे. नवीन वाण तयार करणाऱ्यांनी वर्षानुवर्षं हेच गुण निवडले आणि या धांदलीत वास कुठेतरी गळून पडला.

तो नेमका कुठे गळला, हे २०१५ मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी 'सायन्स' या जर्नलमध्ये दाखवलं. त्यांनी 'पापा मेयाँ' हा घमघमणारा गुलाब घेतला, 'रूज मेयाँ' हा जवळपास बिनवासाचा गुलाब घेतला आणि दोघांच्या पाकळ्यांत कोणती जनुकं चालू आहेत, कोणती झोपली आहेत, हे शेजारी शेजारी ठेवून पाहिलं. फरक सापडला एका एन्झाइममध्ये. नाव एनयूडीएक्स-१. हे ज्या खानदानातलं आहे, ते खरं तर सुगंधाच्या धंद्यातलं नाहीच. पेशीत खराब झालेले रेणू बाजूला काढायचे, थोडक्यात साफसफाई करायची, हे त्या घराण्याचं काम. गुलाबाने त्यातल्याच एकाला पाकळीत नेऊन अत्तराच्या कामाला लावलं. घमघमणाऱ्या गुलाबात ते जोरात चालतं, बिनवासाच्या गुलाबात जवळपास बंद असतं.

त्याच्या वाटेने पाकळीत जे तयार होतं, त्यातलं मुख्य नाव म्हणजे जिरॅनिऑल.

हे नाव तुमच्या घरात आधीपासून आहे. डिओ, साबण, फेसवॉश, जे हाताशी असेल ते उलटं करा. इन्ग्रेडिएंट्सच्या लांबलचक यादीच्या शेपटाकडे, डोळे बारीक करून वाचावं लागेल अशा टायपात, लिनालूल, लिमोनीन, सिट्रोनेलॉल आणि जिरॅनिऑल अशी मंडळी बऱ्याचदा एकत्र बसलेली दिसतील. दहा कार्बन, अठरा हायड्रोजन, एक ऑक्सिजन, एवढाच जीव. बिनरंगाचा, जरासा तेलकट द्रव. वास गुलाबाचा, त्याला मागून लिंबाची किंचित धार. मधमाश्यांनाही तो चांगला ओळखीचा आहे. पोळ्याच्या तोंडाशी बसून कामकरी माशी पोट वर करते आणि पंखांनी जो 'इकडे या, घर इथे आहे' असा निरोप हवेत सोडते, त्या निरोपातही जिरॅनिऑल असतं.

आता प्रश्न असा की, फुलदाणीतल्या गुलाबाला वास नाही आणि वासाचा गुलाब परवडत नाही, तर दहा रुपयांच्या साबणाच्या वडीत गुलाब आला कुठून?

नाव एकाचं, तेल दुसऱ्याचं

१८७१ मध्ये ऑस्कर याकोबसेन या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने हा रेणू पहिल्यांदा शुद्ध स्वरूपात वेगळा केला. तुम्हाला वाटेल गुलाबातून. नाही. मग नावावरून वाटेल, जिरॅनियमच्या झाडातून. तेही नाही. याकोबसेनच्या हातात होतं भारतातून आलेलं एका गवताचं तेल. युरोपातले व्यापारी त्याला बिनधास्त 'इंडियन जिरॅनियम ऑइल' म्हणत, कारण वास तसा यायचा. रेणूला नाव मिळालं जिरॅनियमचं, आणि गवत राहिलं गवतच.

हे गवत आपलं आहे. खानदेशात त्याला रोशा म्हणतात, विदर्भात तिखाडी. जगाच्या बाजारात ते 'पामारोझा' म्हणून विकलं जातं आणि हे नाव ऐकून ते इटलीत कुठेतरी उगवत असेल असं वाटतं! शास्त्रीय नाव सिंबोपोगॉन मार्टिनी. यातला मार्टिन म्हणजे लखनौची ला मार्टिनिअर शाळा ज्याच्या पैशातून उभी राहिली तो जनरल क्लॉड मार्टिन. टिपू सुलतानाविरुद्धच्या युद्धात फौजेबरोबर असताना त्याने या गवताचं बी गोळा केलं आणि लखनौला नेऊन पेरलं. म्हणून रॉक्सबर्ग या वनस्पतिशास्त्रज्ञाने गवताला त्याचं नाव दिलं. पिढ्यानपिढ्या ज्यांच्या डोंगरउतारावर ते उगवत होतं, त्यांचं नाव द्यावं असं कुणाला सुचलं नाही. तो काळच तसा होता, हे मान्य. तरी खटकतं.

आपल्या ओळखीच्या गवती चहाचा हा सख्खा चुलतभाऊ. दिसायलाही जवळचा, फक्त पानं चुरडली की लिंबाऐवजी गुलाब येतो. एकोणिसाव्या शतकात पिंपळनेर, नंदुरबार, शहादा, तळोदा या पट्ट्यात त्याच्या भट्ट्या होत्या. पाऊस ओसरला, गवताला तुरे आले की काम सुरू. तुरा कोवळा, निळसर पांढरा असताना कापलेल्या गवताला भट्टीवाले 'मोतिया' म्हणायचे आणि पिकून लाल झालेल्याला 'सोनफिया'. मोतियाचं तेल उजवं, सोनफियाचं डावं. पुढे वनस्पतिशास्त्रज्ञांनी स्पष्ट केलं की मोतिया आणि सोफिया हे एकाच गवताचे दोन वेगळे प्रकार आहेत. दिसतात सारखे, वास वेगळा.

भट्टी ओढ्याकाठी लावायची, कारण वाफ गार करायला वाहतं पाणी लागतं. लोखंडी हंड्यात गवत आणि पाणी, वर झाकण, फटी लिंपून बंद, खाली लाकडाचा जाळ. झाकणातून निघालेली बांबूची नळी ओढ्यात ठेवलेल्या भांड्यात जाते. वाफ तिथे निवते, पाणी खाली राहतं, तेल वर तरंगतं. केमिस्ट्रीत 'स्टीम डिस्टिलेशन' म्हणून जी आकृती काढून आपण मार्क मिळवतो, ती हीच. आणि त्यातली गंमत आपण बहुतेकदा न समजताच पाठ करतो. जिरॅनिऑल स्वतः उकळतं २३० अंश सेल्सिअसच्या आसपास. एवढं तापवलं तर गवत करपेल आणि वासाचा सत्यानाश होईल. पण पाण्यात न मिसळणारं तेल पाण्याबरोबर उकळलं की दोघांच्या वाफेचा दाब एकत्र होतो आणि तेल शंभर अंशांच्याही आत पाण्याचा हात धरून बाहेर पडतं. आकृती न काढताही भट्टीवाल्यांना हे जमत होतं. शंभर किलो गवतामागे तेल निघतं साधारण अर्धा किलो. पण त्या अर्ध्या किलोत तीन चतुर्थांशाच्या आसपास निव्वळ जिरॅनिऑल असतं. एवढं जिरॅनिऑल एका जागी देणाऱ्या वनस्पती फार थोड्या.

मुंबई ते बाल्कन, व्हाया तांबडा समुद्र

हे तेल मुंबई बंदरातून बाहेर जायचं. तांबड्या समुद्रावरची बंदरं, तिथून अरबस्तान, तिथून तुर्कस्तान. शेवटचा मुक्काम बाल्कनमधली गुलाबाची दरी, म्हणजे आजच्या बल्गेरियातला कझनलकचा परिसर. तेव्हा तो ऑटोमन साम्राज्यात होता. जगातलं सर्वांत नावाजलेलं गुलाबाचं अत्तर तिथे निघायचं, आजही निघतं. एक किलो गुलाब तेलासाठी तीन ते चार हजार किलो पाकळ्या लागतात. पहाटे उठून, ऊन चढायच्या आत, हाताने तोडलेल्या. मग त्या तेलाची किंमत काय असेल याचा अंदाज करा. आणि त्याच वासाचा मुख्य रेणू खानदेशातून पिंपांनी येत असेल, तर मधल्या व्यापाऱ्याच्या डोक्यात काय येईल, याचाही.

लंडनमध्ये १८७४ मध्ये छापलेल्या 'फार्माकोग्राफिया' या औषधी वनस्पतींच्या जाडजूड ग्रंथात या उद्योगाची हकीकत आहे. तुर्की व्यापारी आपल्या तेलाला 'इद्रिस यागी' म्हणायचे. ते जसंच्या तसं मिसळलं तर पकडलं जाईल, म्हणून आधी त्याला लिंबाचा रस घातलेल्या पाण्यात घुसळायचं आणि उन्हात ठेवायचं. उग्रपणा जातो, रंग उतरतो, मग गुलाबात मिसळायला ते तयार.

पकडणारेही कच्चे नव्हते. गुलाबाच्या खऱ्या तेलात मेणासारखा एक भाग असतो. त्यामुळे ते हवा जरा गार झाली, वीस अंशांच्या आसपास आली, की गोठायला लागतं. रोशा गोठत नाही. म्हणून खरेदीदार बाटली गार पाण्यात धरून बघायचे. जितकी भेसळ जास्त, तितकं तेल उशिरा गोठणार. यावर तोड म्हणून भेसळ करणारे वरून देवमाशाचं मेण घालायचे, म्हणजे गोठण्याचीही सोय! परीक्षेत कॉपी पकडायला पर्यवेक्षक जितके हुशार होतात, तितकी कॉपी करणारी पोरंही होतात, तसंच हे.

या सगळ्या इतिहासात रोशाचं नाव येतं ते कायम 'भेसळ' म्हणून. मला हे पटत नाही. खोटी होती ती बाटलीवरची चिठ्ठी. खानदेशात भट्टीवर बसलेल्या माणसाने रोशाला रोशा म्हणूनच विकलं होतं. त्याचा गुलाब झाला तो पुढच्या बंदरात कुठेतरी. पैसाही तिथेच झाला.

ज्वारीच्या भावकीतला गुन्हेगार

आता समजा गुलाबातलं जिरॅनिऑल आणि रोशातलं जिरॅनिऑल, दोन्ही शुद्ध करून तुमच्यासमोर दोन परीक्षानळ्यांत ठेवलं. ओळखता येईल? नाक हरेल. रेणू तोच, अणूंची मांडणी तीच. तयार होण्याची वाट वेगळी आहे, गुलाबाची ती साफसफाईवाल्या एन्झाइमची आडवाट आहे, पण पोचतात दोघंही एकाच ठिकाणी. मग कुठल्या वाटेने आला, हे आलेल्या पाहुण्याकडे बघून कसं कळणार?

कळतं. आणि त्यासाठी लागणारं निम्मं ज्ञान तुम्ही अकरावीच्या बायोलॉजीत वैतागून पाठ केलेलं आहे. आठवा, सी-३ आणि सी-४ वनस्पती. ज्वारी, मका, ऊस सी-४. गहू, भात, आणि बहुतेक झाडंझुडपं सी-३. गुलाब सी-३ मध्ये येतो. रोशा मात्र ज्वारी-उसाच्या भावकीतलं गवत, म्हणजे पक्कं सी-४.

हवेतल्या कार्बनपैकी सुमारे १.१ टक्का कार्बन थोडा जड असतो, कार्बन-१३. गुलाबाचं रुबिस्को हे एन्झाइम याबाबतीत फार नखरेल. हवेतून कार्बन डायऑक्साइड घेताना ते जड कार्बनला शक्यतो टाळतं. सी-४ गवतांत पहिली पकड दुसऱ्याच एन्झाइमची असते आणि ते एवढी निवडानिवड करत नाही. परिणाम असा की गवताने बनवलेल्या प्रत्येक रेणूत, मग ती साखर असो, स्टार्च असो की जिरॅनिऑल, जड कार्बनचं प्रमाण गुलाबापेक्षा किंचित जास्त असतं. फरक शेकडा एक-दीडचा. पण मास स्पेक्ट्रोमीटरला तो स्पष्ट दिसतो. मधात उसाचा किंवा मक्याचा पाक मिसळलाय का, हे शोधायलाही हीच युक्ती वापरतात.

इटलीतल्या संशोधकांनी २०१३ मध्ये बाजारात मिळणाऱ्या गुलाब तेलांच्या बाटल्या आणून ही चाचणी लावली. काही नमुन्यांत कार्बन 'जड' निघाला, म्हणजे आत कुणीतरी सी-४ गवत होतं. संशोधकांनी संशयिताचं नाव दिलं ते सिंबोपोगॉन मार्टिनी. दीडशे वर्षांनंतरही तीच जोडी, तीच युक्ती!

एक मात्र सांगायला हवं, म्हणजे गुलाबावर अन्याय नको. रोशाला गुलाबाचा वास येतो, पण रोशा म्हणजे गुलाब नव्हे. खऱ्या गुलाब तेलात जिरॅनिऑलच्या बरोबरीने सिट्रोनेलॉल असतं, नेरॉल असतं, आणि एक टक्क्याहून कितीतरी कमी असलेलं बीटा-डमॅसेनोन असतं. प्रमाण नगण्य, पण नाकाला ते इतकं जाणवतं की ते नसेल तर गुलाब अर्धा वाटतो. आणि हेही लक्षात घ्या की ताज्या पाकळीतला फिनाइल एथिल अल्कोहोल हा महत्त्वाचा घटक पाण्यात विरघळतो. तेल काढताना त्याचा मोठा भाग पाण्याबरोबर निघून जातो. ते पाणी म्हणजे गुलाबजल. आपण लग्नात पाहुण्यांवर शिंपडतो त्यात गुलाबाचा एक तुकडा असा असतो, जो लाखाच्या अत्तरातही पूर्ण उतरत नाही.

'नॅचरल' लिहिलंय म्हणजे काय?

आज साबण-डिटर्जंटमध्ये जाणारं बहुतांश जिरॅनिऑल गुलाबातून येत नाही आणि रोशातूनही नाही. ते कारखान्यात बनतं. चिराच्या डिंकातून निघणाऱ्या टर्पेंटाइनपासून, किंवा पेट्रोकेमिकल्सपासून. चीर म्हणजे पाइनचं झाड, आणि पाइनही सी-३ असल्यामुळे तिथे जड कार्बनची युक्ती चालत नाही. त्यासाठी वेगळ्या चाचण्या आहेत. वडी दहा रुपयांत मिळते ती या कारखान्यांमुळे आणि त्यात काही वाईट नाही, असं माझं मत.

वाईट आहे ते 'नॅचरल म्हणजे सेफ, केमिकल म्हणजे डेंजर' हे आपल्या डोक्यात बसलेलं गणित. जिरॅनिऑल गुलाबातलं असो, गवतातलं असो की टर्पेंटाइनमधलं, त्वचेला त्यातला फरक कळत नाही. काही जणांना त्याची ॲलर्जी होते: लाली, खाज, पुरळ. म्हणूनच युरोपीय संघाने २००३ च्या नियमाने २६ सुगंधी घटकांची यादी केली आणि अंगावर राहणाऱ्या प्रॉडक्टमध्ये ०.००१ टक्क्याहून, तर धुऊन टाकायच्या प्रॉडक्टमध्ये ०.०१ टक्क्याहून जास्त असतील तर नाव छापायला लावलं. जिरॅनिऑल त्या यादीत होतं. २०२३ मध्ये ही यादी वाढून ऐंशीच्या पुढे गेली. डिओच्या मागची ती बारीक अक्षरं आली ती इथून. ती सौंदर्यासाठी नाहीत, ज्याला ॲलर्जी आहे त्याला वेळीच कळावं म्हणून आहेत.

हवा लागून जिरॅनिऑल हळूहळू बदलतं, आणि बदलून तयार होणारे काही पदार्थ मूळ जिरॅनिऑलपेक्षा त्वचेला जास्त त्रास देणारे असतात. म्हणजे दोन वर्षं झाकण अर्धवट लावून खिडकीत ठेवलेली 'प्युअर एसेन्शियल ऑइल'ची बाटली जुन्या वाइनसारखी मुरत नसते. रीलमध्ये कुणी ते थेट चेहऱ्यावर थापत असेल, तर तुम्ही थापू नका. अशी ॲलर्जी एकदा झाली की सहसा आयुष्यभर सोबत करते. तुम्हाला कुठल्या परफ्युमने पुरळ येत असेल, तर त्वचारोगतज्ज्ञाकडे पॅच टेस्ट होते. जाताना बाटली बरोबर न्या.

आणि हो, हे सगळं वाचून नाक चाळवलं असेल, केमिस्ट्री बरी जमत असेल, तर हा शिकण्याचा विषय आहे. माटुंग्याच्या आयसीटीत परफ्युमरी आणि फ्लेवर टेक्नॉलॉजी शिकवतात. मुलुंडच्या वझे कॉलेजात परफ्युमरी आणि कॉस्मेटिक्सचा पोस्ट ग्रॅज्युएट डिप्लोमा आहे. तो तिथेच का, तर कॉलेज चालवणाऱ्या ट्रस्टमागचं केळकर घराणं म्हणजे १९२२ पासून मुंबईत सुगंधाच्या व्यवसायात असलेली एस. एच. केळकर कंपनी. कनौजला केंद्र सरकारचं सुगंध केंद्रही आहे.

शेतीच्या बाजूला सध्या बोलबाला आहे तो जिरॅनियमचा. नगर-नाशिककडच्या बऱ्याच शेतकऱ्यांनी ते लावलंय. रोशाची गोष्ट त्यापुढे शांतपणे चालू आहे. २०१७ मध्ये सुरू झालेल्या सीएसआयआरच्या अरोमा मिशनमध्ये तो आहे. लखनौच्या 'सिमॅप' संस्थेने त्याचे सुधारित वाण काढलेत, त्यातल्या दोघांची नावं तर 'तृष्णा' आणि 'तृप्ता' अशी आहेत, एखाद्या मालिकेतल्या जावा असाव्यात तशी. हलक्या जमिनीत, थोड्या पाण्यात येतं, एकदा लावलं की काही वर्षं कापता येतं. लोखंडी हंड्याच्या जागी स्टीलचा डिस्टिलेशन प्लांट आला आहे. भाव मात्र अजूनही दोन टोकांचे आहेत. गुलाब तेल किलोला लाखांत, रोशा हजारांत. तेही पिंपावर हात ठेवून ठरत नाही. आधी नमुना लॅबमध्ये जातो, गॅस क्रोमॅटोग्राफचा कागद येतो, आणि त्यावर जिरॅनिऑल किती टक्के लिहिलंय ते बघून व्यापारी आकडा सांगतो.